गुरुवारची झोप

सिकंदराबादच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी चार भाषांत उपासना होते. सकाळी इंग्रजी, मग तेलुगू, तेलुगूवाल्यांचं आटोपलं की तमिळ, आणि दुपारी साडेतीनला मराठी. आम्ही जेमतेम तीस-पस्तीस माणसं. बहुतेकांचे आजे-पणजे जालन्याकडून, नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले. आम्हाला मिळालेली वेळ अशी, की एप्रिल-मे महिन्यात बाकाला हात लावला तर चटका बसतो आणि उपदेश सुरू झाला की निम्म्या मंडळींचे डोळे मिटतात. तक्रार कुणी करत नाही. आमचे पाळकसाहेब आठवडाभर तेलुगू मंडळीचं काम बघतात आणि रविवारी दुपारी आमच्यासाठी मराठी बोलतात. त्यांचं ते मराठी ऐकून माझ्या मुलीला लहानपणी हसू आवरायचं नाही.

गाणी मात्र आमची खणखणीत. त्याचं कारण आमचे हे. रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरी केली आणि तीस वर्षं रविवारची दुपार पेटीशेजारी उभं राहून काढली. पेटी वाजवणारा कुणीही असो, गाणं उचलायचे हेच. त्यांचा एकच हट्ट असायचा. शेवटचं कडवं गाळायचं नाही. उकाड्याने लोक हैराण झालेले असोत, वीज गेलेली असो, सगळी कडवी व्हायची. घरी मात्र हा माणूस कमी बोलायचा. दिवसातून दहा-बारा वेळा माझं नाव घ्यायचा, तेवढंच. चष्मा कुठे आहे, त्याआधी माझं नाव. पेपर आला का, त्याआधी माझं नाव. मी वैतागायचे.

निवृत्त होऊन वर्ष झालं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी हे बेसिनपाशी दाढी करत होते आणि मी आत उपमा परतत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, दाढीच्या पाण्याचा मग पडला. जाऊन पाहिलं तर हे भिंतीला टेकून बसले होते, अर्ध्या गालावर साबण होता आणि डोळे माझ्याकडे लागलेले. तोंड हलत होतं. शब्द येत नव्हता.

अठरा दिवस दवाखान्यात काढले. घरी आणलं तेव्हा उजवा हात गेला होता, उजवा पाय अर्धामुर्धा राहिला होता, आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द शिल्लक राहिला. 'बरंय.'

पाणी हवंय का? बरंय. पाठ दुखते का? बरंय. मुलीचा फोन आलाय, बोलता? बरंय. कधी रागाने बरंय, कधी रडत बरंय. शब्द एकच आणि त्यातून मी काय ते ओळखायचं. चुकीचं ओळखलं की डाव्या हाताने चादर आपटायचे. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं. फक्त बाहेर येत नाही. हे ऐकून लोकांना बरं वाटायचं. मला उलट धसका बसायचा. सगळं समजणारा माणूस आत बसलाय आणि मी त्याला रोज चुकीचं ऐकतेय.

आमचं घर बरकतपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. घेतलं तेव्हा आम्ही चाळिशीत होतो, जिन्याचा विचार कोण करतो? आता ह्यांना खाली उतरवायचं म्हणजे दोन धडधाकट माणसं हवीत. त्यामुळे हे खाली उतरलेच नाहीत. मुलगी बंगळुरूला असते. ती महिनाभर राहिली, मग तिला जावंच लागलं. रोज फोन करायची. "आई, माणूस ठेव गं कुणीतरी." ठेवला. एक तीन आठवड्यांनी गावी गेला तो गेलाच. दुसरा ह्यांच्याशी मोठ्याने बोलायचा, बहिऱ्याशी बोलावं तसं. ह्यांनी त्याच्या अंगावर वाटी फेकली. त्यानंतर मीच करू लागले. उठवणं, बसवणं, अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. त्यात झोप गेली. सलग दोन तास अशी झोप मला कित्येक महिने मिळाली नाही. मी भाजी चिरताना उभ्या उभ्या पेंगायचे. एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि दुधाकडे बघत बघतच ते ऊतू जाऊ दिलं. हात उचलायचं सुचलं नाही.

सुरुवातीला मंडळी खूप आली. फळं आणली, प्रार्थना केल्या. डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना व्हायच्या आणि मी एका डोळ्याने घड्याळ बघायचे, कारण ह्यांना बसून त्रास व्हायचा. जाताना कुणी म्हणायचं, "देवाची काहीतरी योजना असेल, ताई." कुणी म्हणायचं, "ह्यातही उपकार मानायला शिकायचं." मी मान हलवायचे. दार लावलं की सोफ्यावर बसायचे आणि कपबशा उचलायलाही उठवत नसे. मग हळूहळू येणं कमी झालं. लोकांनाही त्यांची घरं, आजारपणं. मीही देवळात जायची थांबले. साडेतीनची उपासना म्हणजे घरातून अडीचला निघायला हवं, आणि ह्यांना कुणाच्या भरवशावर सोडणार? ते एक कारण. दुसरं असं, की माझी प्रार्थना बंद पडली होती. मी डोळे मिटायचे ते झोपेनेच.

जुलैतल्या एका गुरुवारी दुपारी दोनला दाराची बेल वाजली. दारात सिस्टरबाई. आमच्या मंडळीतल्या ह्या बाई, वय सत्तरीपलीकडे, एकट्याच राहतात. सिकंदराबादच्या सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या म्हणून सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणतात. माझी त्यांच्याशी फारशी ओळख नव्हती. खरं सांगायचं तर मी त्यांना टाळायचे. फार तोडून बोलतात. एका नाताळात माझ्या करंज्या खाऊन त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "पारी जाड झाली."

"सलाम," त्या आमच्या मंडळीच्या रिवाजाने म्हणाल्या. चपला काढल्या, थेट बेसिनपाशी जाऊन हात धुतले. "पेशंट कुठं आहे?"

मी म्हटलं, "आत आहेत. बसा ना, चहा ठेवते."

"चहा नक्को. तुम्ही झोपा."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपा. दुसऱ्या खोलीत जावा, दार लावून घ्या. मी चारपर्यंत हाय."

मी म्हटलं, असं कसं, तुम्हाला त्यांच्या खुणा कळणार नाहीत, मध्येच लघवीला लागलं तर. त्यांनी मला मध्येच तोडलं. "चाळीस वर्षं मी काय केलं, बाई? तोंड बघितलंय का आरशात? असंच चाललं तर दोन पेशंट होतील घरात. जावा."

मी मुलीच्या खोलीत गेले. दार लावलं आणि पलंगाच्या कडेवर बसले. बाहेरचा कानोसा घेत राहिले. मला वाटलं, पाच मिनिटं पडते, मग उठून चहा करते. जागी झाले तेव्हा चार वाजून गेले होते आणि उशीवर लाळ गळली होती. बाहेर आले तर सिस्टरबाई पदर खोचून चपला घालत होत्या. ह्यांची दाढी केलेली, अंग पुसलेलं, चादर ताणून घातलेली.

"पुढच्या गुरुवारी," त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. प्रार्थना केली नाही, देवाची योजना काढली नाही. मी दारात उभी होते. बाईंचे गुडघे दुखत होते हे मला त्या पाठमोऱ्या दिसल्या तेव्हा कळलं.

त्या दर गुरुवारी यायला लागल्या. दोन बस बदलून. गणपतीचे दिवस होते, रस्ते अडलेले, तेव्हाही आल्या. मी आधी थोडी लाजायचे, मग लाजही गेली. दोनची बेल वाजली की दार उघडायचं आणि जाऊन पडायचं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी त्या दोन तासांकडे डोळे लावून ढकलायचे.

अशाच एका गुरुवारी मला झोपेत ह्यांचा आवाज ऐकू आला. गातानाचा. मला वाटलं स्वप्न आहे, आणि स्वप्नात मी म्हणत होते की आता जागं व्हायचं नाही. मग जाग आलीच आणि आवाज तसाच चालू राहिला. थोडा फाटका, दमलेला, पण शब्द स्पष्ट. मी अनवाणी धावले.

सिस्टरबाई ह्यांच्या उजव्या हाताला तेल चोळत होत्या आणि पुटपुटल्यासारखं गात होत्या. आमचं नेहमीचं संध्याकाळचं गीत. आणि हे त्यांच्याबरोबर गात होते. एकेक शब्द. 'बरंय' नव्हे, खरे शब्द. कडवं संपलं आणि दोघं थांबले. ह्यांनी मला दारात पाहिलं.

मी पलंगापाशी गेले, त्यांचा डावा हात धरला. "अहो, माझं नाव घ्या. बाकी काही नको. फक्त नाव घ्या."

त्यांनी प्रयत्न केला. ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताणल्या, कपाळ घामाने भिजलं. मग म्हणाले, "बरंय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली. स्वच्छ भांडीच पुन्हा घासायला घेतली. खूप आवाज करत. थोड्या वेळाने सिस्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"रागावलात?"

"हो."

"कुणावर?"

"दोघांवर," मी म्हटलं. "देवाशी बोलता येतं त्यांना. माझ्याशी बोलायला एक शब्द नाही. आठ महिने मी त्यांचं सगळं करतेय. देव काय करतो? देव येऊन कूस बदलतो?"

सिस्टरबाईंनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं, त्यात पाणी भरलं आणि गॅसवर ठेवलं. "हौ. रागवायचंच," त्या म्हणाल्या. "मी वॉर्डात असताना लई रागवायची. एकदा लहान लेकरू गेलं तेव्हा वर्षभर देवळात नाही गेले. साखर कुठं ठेवता?"

आम्ही चहा प्यायलो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी आमच्या घरी चहा घेतला. चहा पातळ झालाय म्हणाल्या.

काचीगुड्याला एक मुलगी बोलण्याचे व्यायाम शिकवते. आठवड्यातून एकदा ती घरी यायची. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती खुश झाली, पण चकित झाली नाही. "होता है, अम्मा," ती म्हणाली. गाणं, वर्षानुवर्षं पाठ असलेल्या प्रार्थना, हे मेंदूच्या वेगळ्या बाजूला राहतं म्हणे, ती बाजू ह्यांची शाबूत आहे. नवीन वाक्य जुळवायचं ते दुसऱ्या बाजूला, ती गेली. तिने समजावून सांगितलं तेव्हा माझा निम्मा राग उतरला. हे देवाशी बोलत नव्हते. माझ्याशी बोलायचं टाळतही नव्हते.

पण बातमी तोवर मंडळीत पोचली होती. सिस्टरबाईंनी सांगितली नव्हती. माझ्या मुलीने व्हिडिओ कॉलवर ह्यांचं गाणं ऐकलं आणि आनंदाच्या भरात ते रेकॉर्ड करून कुणाला तरी पाठवलं. दोन दिवसांत फोनवर फोन. चमत्कार झाला. प्रार्थनेला फळ आलं. पाळकसाहेब स्वतः घरी आले. भला माणूस. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"ताई, नोव्हेंबरमध्ये आपली उपकारस्तुतीची उपासना आहे. ह्यांना आपण आणू या. पुढे उभं करू. त्यांनी गायलं, तर केवढी साक्ष होईल!"

"साहेब, हा चमत्कार नाही. असं पुष्कळांना होतं. त्या मुलीने सांगितलंय."

"देव अशा रीतीनेही काम करतो, ताई."

"मग त्यांना माझं नाव का घेता येत नाही?"

पाळकसाहेबांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

गेल्या आठ महिन्यांत माझ्या घरी येऊन कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य, ज्याने मला बरं वाटलं. म्हणून असेल, मी म्हटलं, "आणते. पण पुढे उभं करायचं नाही. आमच्याकडे बघायचंही नाही. नेहमीच्या बाकाशेजारी खुर्ची लावायची, बाकीच्यांसारखं."

त्यांनी शब्द दिला.

आता प्रश्न जिन्याचा. त्या रविवारी दुपारी एकला मंडळीतले चार पुरुष हजर झाले. त्यांना बघून माझा धीर सुटला. चौघांत सर्वांत तरुण एकोणसाठ वर्षांचा. एकाच्या हृदयात स्टेंट, एकाच्या कमरेला पट्टा. देवळात लहानपणापासून ऐकलेली ती गोष्ट मला आठवली, चार जण पक्षाघाती माणसाला छपरातून येशूपुढे खाली सोडतात ती. त्या गोष्टीतले चौघे नक्की आमच्या ह्या चौघांपेक्षा तरुण असणार. त्यांनी लाकडी खुर्ची मागितली. ह्यांना बसवून कमरेला माझी जुनी ओढणी बांधली आणि वादावादी सुरू झाली, आधी कुणाचा पाय. "तुम्ही मागे." "मी मागे कसा, माझी उंची बघा." खालच्या मजल्यावरचे शेजारी गलका ऐकून बाहेर आले. मुस्लिम कुटुंब आहे, दुपारी झोपलेले असावेत. त्यांनी काही विचारलं नाही, लुंगी वर खोचली आणि खुर्चीचा पुढचा पाय धरला. "आहिस्ता, चाचा. आहिस्ता. घाई कायकू?" तीन वळणं, प्रत्येक वळणावर थांबत, धापा टाकत. ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. खाली उन्हात आल्यावर उघडले. नऊ महिन्यांनी त्यांनी रस्ता पाहिला. समोरच्या किराणा दुकानाची पाटी बदललेली होती, ती बघत राहिले.

देवळात पाळकसाहेबांनी शब्द पाळला. कुणी वळून पाहिलं नाही. फार प्रयत्नपूर्वक पाहिलं नाही, तेही दिसत होतंच. गाणं सुरू झालं. ह्यांच्या जागी आता कुणी उचलणारं नव्हतं, सगळे थोडे मागेपुढे होत होते. पहिल्या ओळीला हे गप्प बसून होते. दुसऱ्या ओळीपासून गायला लागले. हळूहळू सगळं देऊळ त्या आवाजाच्या चालीने जाऊ लागलं. तिसऱ्या कडव्याला ह्यांचा दम संपला. तोंड उघडं राहिलं, आवाज नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घाबरून. पेटीवाल्याने क्षणभर भाता थांबवला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी पुढचं कडवं उचललं, आणि सगळ्यांनी शेवटपर्यंत म्हटलं.

त्यानंतर साक्षी. आमच्याकडे ह्या दिवशी एकेक जण उभं राहून वर्षभराच्या उपकारांबद्दल बोलतो. नातवाला व्हिसा मिळाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. मुलगी पहिल्या वर्गात आली. मी ऐकत होते. सगळं खरं होतं आणि सगळं माझ्यापासून फार लांब होतं. मला कुणी खूण केली नाही. मी स्वतःच उठले. का उठले, अजून सांगता येत नाही.

"मी थकले आहे," मी म्हटलं. आवाज लहान निघाला, म्हणून परत म्हटलं. "मी फार थकले आहे. मला सगळे सांगतात, उपकार आठव. मी आठवायला बसले की झोप लागते. हे गातात, तो चमत्कार नाही. ते मला पाणी मागू शकत नाहीत. मी देवावर रागावलेली आहे. एका गोष्टीबद्दल उपकार मानते. गुरुवारी दुपारी दोन ते चार मी झोपते. कारण कुणीतरी येऊन ह्यांच्याजवळ बसतं. एवढंच आहे माझ्याकडे."

मी बसले. नेहमी साक्ष संपली की 'आमेन' होतं. कुणी म्हटलं नाही. मला वाटलं, आता उठून जाता आलं असतं तर. पण खुर्ची उचलायला चार माणसं लागतात.

मग पलीकडच्या बाकावरचे एक काका उठले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, मुलाकडे राहतात. ते म्हणाले, "मी पण खरं सांगतो. मी इथं उपदेश ऐकायला येत नाही. मला नीट ऐकूच येत नाही. घरी सून तेलुगू बोलते, नातू इंग्रजी बोलतो. चांगली आहेत पोरं. पण इथं आलो की कुणीतरी मराठीत विचारतं, काय काका, कसं काय. त्याबद्दल उपकार." आणि बसले.

मागून एक बाई उठली. पुण्याहून आलेली, तिशी-पस्तिशीची, आयटीत काम करणारी. दीड वर्ष येत होती, शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाला की निघून जायची. ती उभी राहिली आणि रडायलाच लागली. चार महिन्यांपूर्वी तिची नोकरी गेली होती. घरी आईला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आवरून बाहेर पडते म्हणाली, खोलीवर राहवत नाही म्हणून. "इथं रविवारी कुणी विचारत नाही काय करतेस ते, म्हणून येत होते," ती म्हणाली. "पण आता वाटतं, कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं." सिस्टरबाई गुडघे धरत उठल्या, तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि आपला रुमाल तिच्या हातात कोंबला.

त्या दिवशी उपासना इतकी लांबली की देवळाचा शिपाई दोनदा किल्ल्या वाजवून गेला. लोकांनी काय काय सांगितलं ते मी लिहीत नाही. ते त्यांचं आहे. चमत्कार त्यात एकही नव्हता.

चहाच्या वेळी लोकांनी मला गराडा घातला. आम्ही पण येतो, दिवस वाटून घेऊ. सात नावं निघाली. तीन आठवड्यांत त्यातली पाच गळाली. मी त्यांना दोष देत नाही. लांबून यायचं, उन्हातून यायचं, एका 'बरंय' म्हणणाऱ्या माणसाजवळ बसायचं. दोघं टिकली. ते काका शनिवारी येतात. ह्यांच्यासमोर खुर्ची टाकून दोन तास मराठीत बोलतात, रेल्वेचं, जुन्या क्वार्टर्सचं, बायकोचं. हे मध्ये मध्ये "बरंय" म्हणतात. काकांना ऐकू कमीच येतं. दोघांचं झकास चालतं. आणि ती पुण्याची मुलगी मंगळवारी येते. तिला नंतर दुसरं काम मिळालं, लॅपटॉप घेऊन आमच्याकडेच बसते. तिला मराठी नीट वाचता येत नाही, गाणी फोनवर रोमन अक्षरांत लिहून घेतलीत. काम संपलं की ह्यांना म्हणून दाखवते आणि चाल चुकली की हे चादर आपटतात.

ह्या सगळ्याला आता दोन वर्षं होत आली. हे सुधारले नाहीत. एक-दोन शब्द वाढले, त्यात माझं नाव नाही. मी आशा सोडली असं म्हणणार नाही, पण रोज सकाळी ती घेऊन उठत नाही. माझी पाठ गेली आहे. हे लिहितानाही मध्ये दोनदा उठून कूस बदलून आले. लोक म्हणतात श्रद्धेने बळ येतं. मला बळ आलं नाही. मला माणसं मिळाली, त्यांच्यात बळ असलेलं एकही नव्हतं, आणि तरी आठवड्यातले तीन दिवस मी झोपते. प्रार्थना करते का? करते, छोटी. एखाद्याचं नाव घेते आणि पुढे काही सुचत नाही, तिथेच थांबते.

मध्यंतरी ह्यांना खाली नेताना दुसऱ्या वळणावर स्टेंटवाल्या भाऊंचा पाय घसरला. शेजाऱ्यांनी भिंतीला रेटून खुर्ची धरली म्हणून निभावलं. सगळे पांढरेफटक. सिस्टरबाईंनी त्या दिवशी हुकूम काढला, "आता बस. माणूस खाली येत नसेल तर देऊळ वर जाईल." पाळकसाहेबांनी तेलुगू मंडळीकडून परवानगी काढली आणि आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी मराठी उपासना आमच्या दिवाणखान्यात होते. वीस-बावीस माणसं, सोफ्यावर, पलंगावर, मोरीच्या दारात स्टूल टाकून. चपला जिन्यापर्यंत जातात. शेजारच्या भाभी खालून खुर्च्या पाठवतात.

गेल्या रविवारी काकांना लवकर जायचं होतं, नातवाचा वाढदिवस होता. प्रार्थना लांबायला लागली तसे ते हळूच उठले. त्यांना जिना उतरायला वेळ लागतो म्हणून आधार द्यायला ती पुण्याची मुलगी उठली. तिच्यामागे सिस्टरबाई, कारण त्यांना बस गाठायची होती. त्यांच्यामागे आणखी तीन-चार जण. पाळकसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा निम्मी मंडळी जिन्यात होती. उपासनेचा शेवटचा आशीर्वाद अजून व्हायचा होता. ते क्षणभर घोटाळले, मग दारात जाऊन उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर, आणि हात उंच करून इतक्या मोठ्याने आशीर्वाद म्हणायला लागले की आतल्यांनाही पोचावा आणि खाली उतरणाऱ्यांनाही. जिन्यात सगळे होते तिथे थांबले. काका पहिल्या वळणावर, कठडा धरून. खालचे शेजारी मशिदीतून परतत होते, तेही टोपी हातात घेऊन पायरीवर थांबले. मी ह्यांच्या खुर्चीमागे उभी होते. आमेन खालून वर आलं, जरा उशिराने.